दांगदुत : गरिबांचे गाणे

इंडोनेशिया हा हजारो बेटांचा देश. त्यातले जावा बेट माणसांनी गच्च भरलेले. तिथल्या एखाद्या गावात लग्न निघाले, की घरापुढे मांडव पडतो आणि रात्री दांगदुतचा ताफा येतो. बाई गाते, लोक उठून नाचतात, जवळ जाऊन तिच्या हातात नोटा देतात. आपल्या तमाशातला दौलतजादाच म्हणा ना!

दांगदुत हे नाव कसे पडले? तिकडे गेंदांग नावाचे वाद्य आहे. ते आपल्या तबला-डग्ग्यासारखे जोडीने वाजवतात. एक थाप 'दांग' अशी बोलते, दुसरी 'दुत' अशी घुमते. झाले नाव! हे साम्य उगीच नाही बरं का. १९५० नंतर मुंबईचे हिंदी सिनेमे तिथे फार चालले. त्यांतला ठेका आणि चाली तिथल्या गवयांनी उचलल्या, आपल्या मलायी गाण्यांत मिसळल्या. बासरी होतीच. पुढे विजेवरची गिटार आली.

शहरातले शिकलेले लोक मात्र नाक मुरडत. हे अडाण्यांचे गाणे, म्हणत. 'दांगदुत' हे नावही असे हिणवूनच पडलेले. पण रोमा इरामा या गवयाने त्याच शब्दावर गाणे रचले, आणि टवाळीचा शब्द लोक अभिमानाने सांगू लागले. रोमा इरामा यांचा जन्म १९४६ सालचा. जुगार सोडा, नशा सोडा, असे ते गाण्यातून सांगत. लोकांना ते आवडे, कारण सांगणारा ठेक्यावर सांगत होता.

१९७७ च्या निवडणुकीत त्यांनी सरकारी पक्षाविरुद्ध उभ्या असलेल्या मुस्लिम पक्षाचा प्रचार केला. तेव्हा देशात टीव्ही एकच, तोही सरकारी. त्यावर पुढे सुमारे अकरा वर्षे त्यांना येऊ दिले नाही. काय बिघडले? बाजारात त्यांच्या कॅसेटी खपतच होत्या.

पुढे २००३ साली इनुल दारातिस्ता ही पूर्व जावातली गायिका गाजू लागली. गिरमिट फिरावे तशी कंबर फिरवून ती नाचे. मौलवी चिडले. रोमा इरामाही चिडले. माझी गाणी हिने गाऊ नयेत, म्हणाले. ज्याला एकदा गप्प बसवले, त्यानेच दुसऱ्याला गप्प करावे, हे मला काही पटत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद स्वतः मोठे धर्मपंडित. पण ते इनुलच्या बाजूने उभे राहिले. इनुल नाचत राहिली. त्याच साली टीव्हीवर तिची मालिकाही आली.