फुकटचा वर्ग आणि परीक्षेचे हजार रुपये

संगणकशास्त्र शिकायला आज पैसे लागत नाहीत, हे जवळजवळ खरं आहे. हार्वर्डचा सीएस50 हा गाजलेला अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीने 2003 मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलवर शेकडो व्याख्यानमाला मोफत आहेत, आणि 2017 पासून ‘स्वयम्’ हे सरकारी व्यासपीठही हाताशी आहे. तरीही पुण्यात चांगली घसघशीत फी घेणारे पायथन-जावाचे क्लास चालतातच. ‘फुकटाची किंमत नसते’ असा शेरा मारून मोकळं होता येईल, पण तो आळशी शेरा आहे. क्लासमध्ये मिळणारा मजकूर मोबाइलवरही मिळतो, हे फी भरणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. ते पैसे मोजतात ते ठरलेल्या वेळेचे, थोड्या धाकाचे आणि चूक दाखवणाऱ्या माणसाचे. ऑनलाइन शिक्षणाने मजकुराचा प्रश्न सोडवला. या बाकीच्या गोष्टींची सोय जिथे झाली तिथेच ते टिकलं, असं माझं म्हणणं आहे.

2011 साली सेबास्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग जगाला खुला केला, तेव्हा सुमारे 1,60,000 लोकांनी नावं नोंदवली आणि वीस हजारांहून अधिकांनी तो पुरा केला. आता विद्यापीठांच्या इमारतींना कुलपं लागणार, असं तेव्हा बरंच छापून आलं. पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांची 2012 ते 2018 पर्यंतची आकडेवारी ‘सायन्स’ या नियतकालिकात 2019 मध्ये आली. 2017-18 मध्ये अभ्यासक्रम पुरा करणारे होते जेमतेम तीन टक्के. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये मात्र हेच प्रमाण 46 टक्के होतं. एनपीटीईएलची रचना या दृष्टीने बघण्यासारखी आहे. शिकणं फुकट, पण दर आठवड्याला मुदतीत गृहपाठ द्यायचा. प्रमाणपत्र हवं असेल तर हजार रुपयांच्या आसपास फी भरून, ओळखपत्र घेऊन परीक्षा केंद्रावर जाऊन बसायचं. गुणांतला पंचवीस टक्के वाटा गृहपाठाचा, पंचाहत्तर टक्के परीक्षेचा. म्हणजे फुकटच्या वर्गाला आपल्या ओळखीच्या परीक्षेची चौकट जोडलेली आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि वजनदारही. पैसे भरणारे आधीपासूनच जिद्दीचे असतात. फीमुळे ते शिकले असं कशावरून? हे मान्य करायला हवं. 46 आणि 3 मधलं सगळं अंतर फीच्या पदरात टाकता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, अर्धवट सोडणं म्हणजे अपयश नव्हे. एखाद्याला फक्त एसक्यूएलचे दोन धडे हवे असतात, ते बघून तो निघून जातो. हेही खरं. पण तो बहुधा नोकरीत असतो आणि आपल्याला काय येत नाही हे त्याला नेमकं माहीत असतं. मोफत शिक्षणाची भाषा ज्याच्या नावाने केली जाते, त्या पहिल्या वर्षाच्या मुलाला किंवा मुलीला तेच तर माहीत नसतं.

संगणकाचं शिक्षण ऑनलाइनला सर्वांत सोयीचं, कारण चूक झाली की यंत्र तिथल्या तिथे सांगतं, असं समजलं जातं. यंत्र चूक सांगतं, पण प्रत्येक वेळी नाही. दोन संख्या विचारून त्यांची बेरीज दाखवणारा पायथनमधला साधा प्रोग्राम घ्या. विद्यार्थी 5 आणि 7 टाइप करतो आणि पडद्यावर येतं 57. लाल अक्षरं नाहीत, तक्रार नाही. कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथनच्या लेखी मजकूर असतं आणि दोन मजकुरांची बेरीज म्हणजे एकाला लागून दुसरा. आपोआप तपासणारी यंत्रणा ‘उत्तर चूक’ एवढंच म्हणते. मुलगा व्हिडिओतली ओळ उतरवून घेतो, उत्तर 12 येतं, तो पुढे सरकतो, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रूपात तिथेच अडखळतो. लॅबमधल्या मॅडम मागून डोकावून ‘अरे, आधी त्याचा टाइप छापून बघ’ म्हणाल्या, तर अर्ध्या मिनिटात गाठ सुटते.

हे काम आता एआय करेल, असं कोणी म्हणेल. काही अंशी करतंही. जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमात 2016 सालीच ‘जिल वॉटसन’ नावाचा प्रोग्राम विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शंकांना उत्तरं देत होता. पण 2014 मध्ये सुरू झालेला आणि सुमारे सात हजार डॉलरांत पदवी देणारा तो अभ्यासक्रम मुदती, परीक्षा आणि सहायक म्हणून नेमलेल्या माणसांच्या बळावर उभा राहिला. शिवाय 57 बघून ज्याच्या मनात शंकाच येत नाही, तो एआयला विचारणार काय?

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने माणसाची ही गरज ओळखलेली दिसते. साधारण दहा मिनिटांचे धडे, मराठीतही. पडद्याच्या एका अर्ध्यात व्हिडिओ, दुसऱ्यात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. व्हिडिओ थांबवायचा, तेच स्वतः करायचं, जुळलं की पुढे. धडे एकट्याने शिकता यावेत असेच बेतलेले आहेत, तरी प्रकल्पाने ते कॉलेजच्या लॅबमध्ये, गटागटाने आणि शेवटी चाचणी घेऊन चालवले. मराठी आवाजामुळे इंग्रजीची धास्ती कमी होते. पण लॅब, वीज आणि देखरेख करणारं कोणीतरी लागतंच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करायची मुभा दिली आहे. ‘लिंक पाठवली आहे, नावं नोंदवा’ एवढ्यावर हे निभावून नेणं कॉलेजांना सहज शक्य आहे. निभावायचं नसेल, तर वेळापत्रकात त्या विषयासाठी आठवड्याला दोन तास लॅब राखून ठेवावी लागेल आणि तिथे हजर राहणाऱ्या प्राध्यापकाचे ते तास वर्कलोडमध्ये धरावे लागतील. त्यासाठी नव्या ॲपची गरज नाही.