पाण्याखाली कोण वाजवते आहे?

घरची मोठी माणसे बरोबर असताना कधी पोहायला गेलात, तर एक सोपा प्रयोग करून पाहा. डोके क्षणभर पाण्याखाली घ्या आणि थोड्या अंतरावर मित्राला पाण्यातच दोन दगड एकमेकांवर आपटायला सांगा. टक्‌कन आवाज येईल आणि तो अगदी कानाशी झाल्यासारखा वाटेल. पण तो डावीकडून आला की उजवीकडून, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

समुद्राच्या पोटात शांतता असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. फ्रान्सचे प्रसिद्ध पाणबुडे जॅक कूस्तो यांच्या १९५६ सालच्या चित्रपटाचे नावसुद्धा 'निःशब्द जग' अशाच अर्थाचे होते. नाव सुंदर आहे, पण खरे मात्र नाही. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल पाण्यात उतरणे, म्हणजे स्कूबा डायव्हिंग, आता आपल्या मालवणजवळही चालते. उथळ, खडकाळ समुद्रात असे उतरलेल्या माणसाला सतत तडतड ऐकू येते. फोडणीत मोहरी टाकल्यावर कसा आवाज होतो? तसाच. नवखा माणूस घाबरतो. आपली टाकी तर फुटली नाही ना, असे त्याला वाटते.

म्हणून आवाज ओळखताना पहिले काम म्हणजे आपले स्वतःचे आवाज बाजूला काढणे. श्वास घेताना तोंडातल्या नळीतून फुस्स असा आवाज होतो. श्वास सोडताना बुडबुडे गडगडत वर जातात. खाली उतरताना कानांवर दाब वाढतो, तो सारखा करताना कानात चर्र किंवा टक्‌ असे वाजते. हे सगळे आपल्या श्वासाबरोबर आणि हालचालीबरोबर बदलते. मात्र एकसारखी सूं सूं चालू असेल आणि ती श्वासाबरोबर थांबत नसेल, तर हवा गळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी लगेच सोबत्याला खूण करावी.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नीट ऐकू यावे म्हणून पाण्याखाली श्वास रोखून धरायचा नसतो. वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, फुप्फुसातली कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. यात जीवही जाऊ शकतो. जे काही ऐकायचे ते दोन श्वासांच्या मधल्या क्षणात.

आता त्या तडतडीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाला या आवाजाने हैराण केले होते. शत्रूच्या पाणबुड्यांचा आवाज टिपण्यासाठी पाण्यात खास मायक्रोफोन सोडलेले असत. त्यांना हायड्रोफोन म्हणतात. काही ठिकाणी त्यांत नुसती तडतडच भरून राही आणि पाणबुडीचा आवाज तिच्यात बुडून जाई. हे काय आहे, ते शोधण्याचे काम शास्त्रज्ञांवर सोपवण्यात आले. त्यांनी कोठे, किती खोल आणि कोणत्या वेळी आवाज वाढतो, याच्या नोंदी केल्या. आवाज उबदार आणि उथळ पाण्यात होता. तळाशी खडक किंवा पोवळी असतील तिथे जोरात, मऊ चिखल असेल तिथे कमी. दिवसरात्र चालूच, पण रात्री थोडा जास्त. म्हणजे हे यंत्र नव्हते, लाटाही नव्हत्या. खडकांच्या फटींत राहणारा कोणी तरी प्राणी असणार! आणि निघाली कोण, तर बोटाएवढी कोळंबी, आपण जिला झिंगा म्हणतो तिची एक नातेवाईक.

या कोळंबीचा एक आकडा दुसऱ्यापेक्षा खूपच मोठा असतो. तो ती इतक्या झटक्याने मिटते की पाण्याची पिचकारी उडते, जणू चुटकी वाजवावी तशी. आकड्याच्या दोन भागांची टक्कर होते म्हणून आवाज होतो, असे बराच काळ मानले जात होते. २००० साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिले, तेव्हा वेगळेच दिसले. पिचकारीच्या वेगामुळे पाण्यातला दाब एकदम घटतो, तिथे एक बुडबुडा तयार होतो आणि तो लगेच मिटतो. आवाज त्या बुडबुड्याचा! त्या धक्क्याने छोटे भक्ष्य बधिर होते. मोठा आकडा तुटला तर दुसऱ्या बाजूचा लहान आकडा वाढून त्याची जागा घेतो. मला तर या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत नवलाची वाटते.

माशांचे आवाज वेगळे असतात. आपल्या किनाऱ्यावरचा घोळ मासा ज्या कुळातला आहे, त्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून ढोलकीसारखे वाजवतात. पोपटासारखी चोच असलेला मासा पोवळी खरवडतो, तो करकर असा आवाज जवळूनच ऐकू येतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्रँड बेटाजवळ हायड्रोफोन लावून मासे आणि कोळंबी यांचे आवाज नोंदवले आहेत.

मग सुरुवातीच्या प्रयोगात दिशा का कळली नाही? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यातला वेग १८२६ साली कोलादाँ आणि स्टुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात मोजला. एका नावेवरून पाण्यात घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी दारूचा भडका उडवायचा. दूरच्या नावेवरून भडका पाहायचा आणि घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. उत्तर आले सेकंदाला सुमारे १४३५ मीटर. समुद्रात हा वेग साधारण १५०० मीटर असतो. आवाज एका कानात आधी आणि दुसऱ्यात किंचित नंतर पोहोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात हा फरक चौपटीहून कमी होतो. शिवाय आवाज कवटीच्या हाडांतूनही आत शिरतो. मेंदूचा हिशेब चुकतो.

हे केवळ गंमत म्हणून सांगत नाही. मोटारबोटीची घरघर खाली स्पष्ट ऐकू येते, पण बोट कोणत्या बाजूने येते आहे ते कळत नाही. म्हणून पाणबुडे वर येताना हळूहळू, वर पाहत, एक हात डोक्यावर उंच धरून येतात.

काही आवाजांचा धनी सापडायला मात्र फार काळ गेला. १९६० च्या दशकात दक्षिण महासागरात पाणबुड्यांवरच्या खलाशांना बदकाच्या ओरडण्यासारखा आवाज ऐकू आला. त्याला 'बायो-डक' असे नाव पडले. पण अंटार्क्टिकाच्या बर्फाळ पाण्यात बदक कुठले? अखेर शास्त्रज्ञांनी तिथल्या मिंकी देवमाशांच्या पाठीवर रबरी चकत्यांनी चिकटणारी ध्वनियंत्रे बसवली. त्या यंत्रांत तोच आवाज मिळाला, आणि २०१४ साली कोडे सुटले. आता जुन्या ध्वनिफिती पुन्हा काढून, हिवाळ्यात बर्फामुळे जहाजे जाऊ शकत नव्हती तेव्हा हे देवमासे कोठे होते, ते पाहता येते.