दोनशे सत्तर रुपयांचा फरक

दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस उजाडला की आता घराघरांतील मोबाईल पहाटेपासून वाजू लागतात. फुलांची चित्रे, हात जोडलेली बालके आणि खाली ‘कळत-नकळत काही चुकले असल्यास क्षमा असावी’. मीही तो संदेश दरवर्षी दोन-अडीचशे जणांना पाठवीत असे. पूर्वी पोस्टाची कार्डे लिहिताना प्रत्येक नावाशी हात क्षणभर थांबे. आता सर्व नावांसमोर एकदम खूण करून एका बोटाने काम होते. या यादीत गेली कित्येक वर्षे एक नाव असे होते, की त्याला असा संदेश पाठवून भागणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते.

गोष्ट ३१ डिसेंबर १९८८ ची, शनिवारची. मी सांगलीत बाजारपेठेतील एका शाखेत नुकताच अधिकारी झालो होतो. आमचे खातेदार बहुतेक हळद, गूळ आणि बेदाण्याचे अडते. तोपर्यंत बँकांचे आर्थिक वर्ष डिसेंबरअखेर संपत असे. पण त्या खेपेस ते मार्चअखेर न्यायचे ठरले, आणि हिशेब पंधरा महिन्यांनी, मार्च १९८९ मध्ये बंद व्हायचे होते. म्हणजे ३१ डिसेंबरची रात्र प्रथमच मोकळी. शिवाय शनिवारी अर्धा दिवस कामकाज. मी निर्धास्तपणे ‘अशी ही बनवाबनवी’ची दुपारच्या तीनच्या खेळाची दोन तिकिटे काढून सौ.च्या हाती दिली आणि ‘थिएटरच्या दाराशी भेटू’ असे सांगून निघालो.

त्या काळी आमच्यासारख्या कुटुंबात सिनेमाला जाणे हा एक बेतच असे. चातुर्मासात नियम घेतलेला असल्याने चार महिने थिएटरचे नाव नाही. घरात चौविहार, त्यामुळे सहा ते नऊचा खेळ बहुधा बाद. हिवाळ्यात तर तीनचा खेळ सुटेपर्यंत दिवस मावळायला येई, म्हणून मध्यंतरात खाण्यासाठी घरचा डबा न्यायचा. थिएटरातील बटाटेवड्याचा वास सर्वांनाच आवडे, हे कबूल केले पाहिजे. तो घ्यायचा नाही, हेही सर्वांना ठाऊक असे. खेळ कोणासाठी थांबत नसे. सुरुवात हुकली की हुकली.

त्या दिवशी बचत खात्यांच्या लेजरांचा ताळा तेवढा घ्यायचा होता. सर्व पानांवरील शिलकांची बेरीज जनरल लेजरमधील आकड्याशी जुळली की घरी. एक लेजर जुळेना. फरक २७० रुपये. ज्यांनी वह्या लिहिल्या आहेत त्या वाचकांना हे नवे नाही : फरकाला दोनने भाग गेला, तर त्याच्या निम्मी रक्कम जमेऐवजी नावे पडली असण्याचा संभव, नऊने भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल. २७० ला दोन्हींनी भाग जातो! शाखाधिकाऱ्यांनी १३५ शोधण्याचा हुकूम सोडला आणि आम्ही दोन तास १३५ शोधीत बसलो.

ते लेजर एका नव्या लिपिकाकडे होते. वर्षभरापूर्वी लागलेला, एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा. शाखाधिकारी येता-जाता त्याला सर्वांदेखत बोलत होते. ‘लक्ष कुठे असते तुमचे?’ हे वाक्य मी त्या दुपारी निदान पाच वेळा ऐकले. तो मान खाली घालून पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज करी. बेरीज चुकलेली नव्हतीच.

घरी दूरध्वनी नव्हता. सौ. थिएटरच्या दाराशी उभी असेल, हे ठाऊक असूनही कळवण्याचा मार्ग नव्हता. सुरुवातीची जाहिरातपट्टी संपेपर्यंत तिने वाट पाहिली आणि मग दोन्ही तिकिटे रांगेतल्या एका जोडप्याला छापील किमतीत दिली. बाहेर त्याच तिकिटांना जादा भाव चालला होता. अडत्याची मुलगी असून तिने तो घेतला नाही. नंतर ती बँकेवर आली, शिपायाजवळ डबा देऊन ‘दिवस मावळायच्या आत साहेबांना द्या’ एवढे सांगून परत गेली. घरी आईने सिनेमाचे विचारले, तेव्हा ‘गर्दी फार होती’ असे ती म्हणाली. ते खोटे नव्हते.

डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. त्या मुलालाही बोलावले. त्याने एक दशमी खाल्ली, ‘वहिनींना सांगा, छान झाल्यात’ म्हणाला आणि पुन्हा वहीकडे वळला.

शेवटी मी व्हाउचरांचे गठ्ठे काढून एकेक नोंद पडताळू लागलो. पावणेआठ वाजता सापडले. व्हाउचर १,८५० चे, लेजरमध्ये १,५८०. तो लिपिक रजेवर असताना ते पान मीच लिहिले होते. पडताळणीची सहीही माझीच. मी तांबड्या शाईने दुरुस्ती केली, बाजूला आद्याक्षरे घातली आणि ‘सापडला’ असे जाहीर केले. सगळे उठले. कोणाच्या हातची चूक, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

पुढे बरेच पाणी वाहून गेले. संगणक येणार म्हणून आम्ही दंडाला काळ्या फिती लावल्या आणि काही वर्षांतच लेजर पोस्टिंग मशीनवर मीच इतरांना शिकवू लागलो. नंतर कोअर बँकिंग आले; ताळा घेणे हा प्रकारच उरला नाही. संगणकामुळे संध्याकाळी वेळेवर घरी जाता आले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. आज मोबाईलवर बसल्या जागी खुर्ची निवडून तिकीट निघते, चित्रपट घरी हवा तेथे थांबवता येतो आणि नवऱ्याची वाट पाहत कोणाला दाराशी उभे राहावे लागत नाही. गेले ते दिवस चांगले होते, असे मी म्हणणार नाही. सौ. तर मुळीच म्हणणार नाही.

यंदा क्षमावाणीला मात्र मी त्या एका नावाची खूण काढली आणि फोन लावला. तोही आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. प्रकृतीची विचारपूस झाली. मग मी म्हटले, ‘एक जुनी गोष्ट सांगायची राहिली आहे.’

‘साहेब, दोनशे सत्तर ना?’ तो म्हणाला.

मी गप्प झालो.

‘सोमवारी लेजर उघडलं तेव्हाच पाहिलं. पान तुमच्या अक्षरातलं, तांबड्या शाईवर सहीही तुमची.’

‘मग तेव्हाच बोलला का नाहीस?’

‘तुम्ही बोलाल असं वाटलं होतं,’ तो म्हणाला. थोडा वेळ थांबून त्याने विचारले, ‘वहिनी अजून दशम्या करतात का?’