शहापूर-मुरबाडची भूमिरचना व जुन्या कागदांतील ‘दार’

ऐतिहासिक कागद लावण्यास मोडी लिपि, फारसी शब्द व कालगणना यांचें ज्ञान लागतें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्या भूमीविषयीं तो कागद बोलतो तिची घडण ठाऊक नसेल, तर अक्षर बिनचूक लागूनही अर्थ चुकतो, हें आम्ही स्वतःच्या प्रमादावरून शिकलों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका जुन्या यादीची नक्कल करितांना ‘भोरांड्याचें दार’ हें नांव आलें. दार म्हणजे दरवाजा, आणि दरवाजा म्हटला कीं तट आलाच, अशा तर्कानें मुरबाड तालुक्यांत एक अज्ञात गढी असल्याची टीप आम्हीं समासांत निःशंकपणें लिहून ठेविली. पुढें भोरांडें गांवीं जाऊन चौकशी केली, तेव्हां एका वृद्ध गुराख्यानें सह्याद्रीच्या कड्यांतील एका अरुंद घळीकडे बोट दाखविलें व तो म्हणाला, “हेच ते दार, गुरुजी. हितनंच वर जुन्नराकडं जायाचं.” ती टीप आम्हीं त्याच रात्रीं खोडली. अशीं दारें कां पडतात व तीं ओळखल्यानें कागदांचा अर्थ कसा उलगडतो, याचा ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांपुरता विचार येथें करावयाचा आहे.

आमच्या पूर्वजांस भूमीचे भेद सूक्ष्मपणें ठाऊक होते. अमरकोशाच्या शैलवर्गांत पर्वताच्या पायथ्याच्या भूमीस ‘उपत्यका’ व माथ्यावरील भूमीस ‘अधित्यका’ अशीं निरनिराळीं नांवें आहेत. तुटलेल्या कड्यास ‘भृगु’ व उतरणीस ‘कटक’ म्हटलें आहे. ‘दरी’ शब्दाचा धातु तर विदीर्ण होणें या अर्थाचा आहे. शहापूर-मुरबाड ही उपत्यका होय, व जुन्नर-अकोल्याकडील पठार ही अधित्यका. पहिली बहुतांशीं समुद्रसपाटीपासून दोनतीनशें फूट उंच, तर दुसरी दोन हजार फुटांहून अधिक. या दोहोंमध्यें जो भृगु उभा आहे, तोच या प्रदेशाच्या इतिहासाचा खरा सूत्रधार.

या भूमीचा पाषाण अग्निजन्य आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील तप्त रस वारंवार वर येऊन दख्खनभर पसरला व थरावर थर थिजत गेला. प्रत्येक थराचा गाभा घट्ट व काळा असतो. माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला व त्यामुळें ठिसूळ असतो. दोन थरांच्या मध्यें कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टाही सांपडतो. पावसाच्या पाण्यानें ठिसूळ भाग झिजून त्याची उतरण होते, व घट्ट गाभा उभ्या भेगांवर तुटून त्याचा कडा होतो. म्हणून सह्याद्रि दुरून पायऱ्या खोदल्यासारखा दिसतो. या पाषाणास पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीं ‘ट्रॅप’ हें नांव दिलें, तेंही स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या नांवावरूनच. किल्लेकारांनीं याच जिन्याचा उपयोग केला. कडा हा अनायासें तट झाला व पायरी ही माची झाली. थरांच्या सांध्यांतून पाणी पाझरतें, त्यामुळें अशा ठिकाणीं झरे सांपडतात.

हा कडा पूर्वींपासून आजच्या जागींच होता असें नाहीं. शास्त्रज्ञांच्या मतें तो एके काळीं बराच पश्चिमेस होता व झिजत झिजत पूर्वेकडे हटला. कारण उघड आहे. माथ्यावर पलीकडे पडलेलें पाणी कुकडी-भीमेच्या किंवा दारणा-गोदावरीच्या वाटेनें शेंकडों कोस संथ चालून पूर्वसमुद्रास मिळतें. अलीकडे पडलेलें पाणी काळू, शाई, भातसा व तानसा यांतून थोडक्याच अंतरांत पश्चिमसमुद्र गांठतें. उतार तीव्र म्हणून वेग अधिक व वेग अधिक म्हणून खोदण्याचें सामर्थ्यही अधिक. हे ओढे कड्यांतील उभ्या भेगा धरून मागें मागें खोदीत जातात, आणि जेथें घळ माथ्यापर्यंत पोंचते तेथें वाट पडते. हेंच ‘दार’, हीच ‘नाळ’ किंवा ‘नळी’. हरिश्चंद्रगडावर चढणारी बेलपाड्याची ‘नळीची वाट’ याच जातीची. कागदांत ‘नाळ’ शब्द आला म्हणजे ती तोफेची कीं डोंगराची, हें ठरविण्यापूर्वीं स्थळ पाहावें, अशी आमची विनंति आहे.

मागें हटतांना कड्यानें कांहीं तुकडे पुढें एकटे सोडले. शहापूर तालुक्यांतील माहुली हा त्यांतील प्रमुख होय. त्याची उंची २,८१५ फूट असून तो सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून पश्चिमेस उभा आहे. इ. स. १६३६ मध्यें शहाजी राजांस मोगल व आदिलशाही फौजांपुढें अखेर येथेंच नमावें लागलें. इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत शिवाजी महाराजांनीं मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांच्या यादींत माहुली, भंडारगड व पळसगड अशीं तीन नांवें वेगळालीं येतात. केवळ यादी वाचणारास हे तीन डोंगर वाटतील. प्रत्यक्षांत डोंगर एकच आहे. दोन खोल खिंडींनीं त्याचा माथा त्रिधा भंगला असून उत्तरेस पळसगड, मध्यें माहुली व दक्षिणेस भंडारगड आहे. एका भागांत शिरलेला शत्रु दुसऱ्या भागांत आपोआप पोंचत नाहीं. म्हणून गणनेंत किल्ले तीन. इ. स. १६७० मध्यें मराठ्यांचा पहिला हल्ला फसला व पुढें त्याच वर्षीं किल्ला हातीं आला, या वृत्ताचा विचारही या खिंडी नजरेपुढें ठेवूनच केला पाहिजे.

मुरबाड तालुक्यांतील वैशाखऱ्यावरून चढणारा नाणेघाट हें दुसरें उदाहरण. हा घाट सातवाहनांनीं ‘निर्माण’ केला असें सरसकट लिहिलें जातें. वस्तुतः कड्याची खांच निसर्गानें आधीं पाडलेली. मनुष्यानें ती रुंदावली, फरसबंदी केली, टांकीं खोदलीं आणि माथ्यावरील लेण्यांत नागनिका राणीचा यज्ञदानांचा ब्राह्मी लेख कोरविला. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरास जावयाचा तर अशा दाराखेरीज मार्ग नव्हता. या लेखाकडे विद्वानांचें लक्ष वेधणारा कर्नल साइक्स हाच इ. स. १८३० ते १८४० या दशकांत दख्खनच्या भूस्तरांवरही निबंध लिहीत होता, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. शिळा व शिलालेख हे दोन्ही एकाच अभ्यासाचे विषय होत, हें त्यास उमगलें होतें.

आज हें सांगण्याची निकड वेगळीच आहे. भातसा धरणाच्या जलाशयाखालीं शहापूर तालुक्यांतील कित्येक गांवांची भूमि गेली. कसारा-इगतपुरीच्या डोंगराखालून इ. स. २०२५ मध्यें समृद्धि महामार्गाचा सुमारें आठ किलोमीटरांचा बोगदा वाहतुकीस खुला झाला. लोकोपयोगी कामें व्हावींतच. परंतु पायवाट बंद पडली कीं तिचें नांव एका पिढींत विसरतें, आणि नांव विसरलें कीं कागद मुका होतो. दफ्तरांतील कागद जपण्यास आपण पुष्कळ आहोंत. परंतु घळी, सुळके, कोंडी व माळ यांचीं नांवें महादेव कोळी, ठाकूर व कातकरी वृद्धांच्या मुखांतच आहेत. तरी संग्राहकांनीं आपल्या संग्रहांतील या दोन तालुक्यांचीं स्थलनामें वेगळीं काढावीं, तीं घेऊन पायथ्याच्या गांवीं जावें व प्रत्येक नांवापुढें तें कोणत्या भूरूपाचें आहे हें लिहून आणावें. तशा नोंदींपुढें आमची खोडलेली टीप ठेवण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटणार नाहीं.