फिल्टर बारीक केला की खरखर जाते कुठे?

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. हॅम रेडिओच्या रिसीव्हरमध्ये फिल्टर अरुंद केला की खरखर कमी होते, मग तो कायम सगळ्यात अरुंदच का ठेवू नये? प्रश्न साधा आहे, उत्तर एका ओळीत मावत नाही. म्हणून आजचा भाग त्यावरच.

आधी खरखर म्हणजे काय ते बघू. ती एका ठिकाणी नसते, सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेली असते, पावसासारखी. आणि सिग्नल म्हणजे छपरावरून पडणारी पागोळी. पागोळीखाली परात ठेवलीत तर धारेबरोबर आजूबाजूचा पाऊसही गोळा होतो. तांब्या ठेवलात तर धार तेवढीच येते, पाऊस कमी. फिल्टरची बँडविड्थ म्हणजे त्या भांड्याचं तोंड. पण तोंड धारेपेक्षाही बारीक केलंत तर धारच बाहेर सांडणार, हेही लक्षात ठेवा.

आता आकडे. एसएसबीवर माणसाचा आवाज ऐकायला साधारण 2400 हर्ट्झ लागतात. मोर्सला 500 हर्ट्झ भरपूर झाले. 2400 वरून 500 वर आलो की खरखर जवळजवळ 6.8 डेसिबलने घटते. एस मीटरवर एक पायरी 6 डेसिबलची असते, म्हणजे सव्वा पायरीपेक्षाही कमी. ऐकताना फरक छान जाणवतो, पण जादू नाही.

जादू वाटावी असं उदाहरण हवंय? एफटी8 घ्या. 2017 मध्ये ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी ही डिजिटल पद्धत आणली. (हे टेलर म्हणजे 1993 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. छंद असावा तर असा!) सॉफ्टवेअर सांगतं की सिग्नल उणे 20 डेसिबलवर आहे, आणि तरीही स्क्रीनवर कॉलसाइन स्वच्छ उमटतो. लोक म्हणतात, ‘खरखरीच्या खालचं ऐकतोय!’ पण तो आकडा 2500 हर्ट्झमधल्या खरखरीशी तुलना करून काढलेला असतो. एफटी8 चा एकेक टोन मात्र 6.25 हर्ट्झच्या अंतरावर असतो. 2500 भागिले 6.25 म्हणजे 400, म्हणजे 26 डेसिबल. तेवढ्या अरुंद फटीतून पाहिलं तर सिग्नल खरखरीच्या 6 डेसिबल वर निघतो. बाकीचं काम चुका दुरुस्त करणाऱ्या कोडिंगचं. किंमत कसली मोजली? वेळेची. इवलासा निरोप पाठवायला 12.64 सेकंद लागतात.

मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. फिल्टर जितका अरुंद, तितका तो सावकाश हलतो. 50 हर्ट्झचा फिल्टर सिग्नल सुरू झाल्यावर भरायला आणि थांबल्यावर रिकामा व्हायला साधारण 20 मिलिसेकंद घेतो. मिनिटाला 20 शब्दांच्या मोर्समध्ये एक टिंब 60 मिलिसेकंदांचं. चालून जातं, पण कडा बोथट होतात. त्यात फिल्टरच्या भिंती फार उभ्या असतील तर तो पितळेच्या घंटेसारखा घुमत राहतो, आणि टिंबं एकमेकांत मिसळतात. मला स्वतःला अशा वेळी 300-400 हर्ट्झच बरे वाटतात. उरलेलं गाळायचं काम मेंदू फुकटात करतो.

टकटक करणाऱ्या आवाजांचं तर उलटंच होतं. स्कूटरच्या स्पार्कचा टक हा क्षणभराचा, पण खूप रुंद पसरलेला असतो. अरुंद फिल्टरमधून गेला की तो लांबतो आणि ‘टुंग’ असा वाजतो. म्हणून नॉइज ब्लँकर हा अरुंद फिल्टरच्या आधी बसवावा लागतो. टक लांबल्यावर तो कापणार कसा?

उरलेलं अर्धं उत्तर आपल्या घरात आहे. आयटीयूच्या पी.372 शिफारशीत निवासी भागातल्या मानवनिर्मित गोंगाटाचं सूत्र आहे. त्यात 7 मेगाहर्ट्झ टाकलं, म्हणजे आपला 40 मीटर बँड, तर उत्तर येतं सुमारे 49 डेसिबल. खोलीच्या तापमानाला निसर्गतःच असणाऱ्या खरखरीपेक्षा इतका जास्त! एसएसबीच्या बँडविड्थमध्ये ते एस मीटरवर जवळपास एस6 भरतं. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर, हे सगळे त्यात हातभार लावतात. अशा ठिकाणी रिसीव्हरची स्वतःची खरखर किती, याला 40 मीटरवर काहीच अर्थ उरत नाही. प्रीअँप्लिफायर बंद ठेवा. तो सिग्नल आणि गोंगाट दोघांनाही सारखंच फुगवतो.

आणखी एक गोष्ट, पटकन सांगते. आपल्याकडे हा बँड 7200 किलोहर्ट्झला संपतो आणि त्याच्या वर लगेच प्रसारण केंद्रं सुरू होतात. रात्री त्यांचे दणदणीत सिग्नल येतात. रिसीव्हरमधला ऑसिलेटर स्वच्छ नसेल तर त्याची खरखर या शेजाऱ्यांच्या सिग्नलशी मिसळून थेट आपल्या फिल्टरच्या आत उतरते. मग फिल्टर कितीही भारी असो, जे आत आलंय ते आतच राहणार. महागडा रिसीव्हर पैसे वसूल करतो तो इथे.

हे सगळं ऐकायला रेडिओ नसला तरी चालेल. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा, 7 मेगाहर्ट्झच्या जरा वर एखादा मोर्स सिग्नल पकडा आणि बँडविड्थ कमी-जास्त करत राहा. ज्यांच्याकडे रिसीव्हर आहे त्यांनी तो बॅटरीवर लावावा, घरच्यांना विचारून (हे महत्त्वाचं!) मेन स्विच बंद करावा आणि एस मीटर बघावा. मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीला काटा उडी मारेल, त्या खोलीतला चार्जर आधी काढा.