जुन्या मोटारीला नवे टायर

मोटार जुनी झाली म्हणजे तिचा पत्रा सांधता येतो, इंजिन उघडून पुन्हा बांधता येते, गाद्या नव्याने शिवून घेता येतात. टायरचे तसे नाही. ट्रकच्या झिजलेल्या टायरवर पुन्हा रबर चढवतात हे खरे, पण ताशी दोनशे किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला तो उपाय चालत नाही. तिला नवाच टायर हवा, आणि कारखान्याने ते माप काढणे सोडले की धडधाकट मोटार जागच्या जागी बसते. युरोप-अमेरिकेत जुन्या स्पोर्ट्स मोटारी बाळगणाऱ्यांपुढे हा प्रश्न नित्याचा आहे. श्रीमंतांच्या शौकाची ही चर्चा कामगार चळवळीतल्या माणसाने कशाला करावी, असे कोणी विचारील. शौक मालकाचा असला तरी टायर रिंगेवर चढवून त्यात हवा भरणारा माणूस मजूर असतो, आणि चुकीच्या टायरचा पहिला तडाखा त्यालाच बसण्याचा संभव असतो, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आधी मापांची भाषा समजून घेऊ. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली पद्मिनी पुष्कळांना आठवत असेल. तिच्या टायरवर ५.२०-१४ असा आकडा असे. रुंदी सव्वापाच इंचांच्या आतबाहेर आणि रिंगेचा व्यास चौदा इंच, इतका सरळ हिशेब. पुढे रेडियल टायर आले. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने ते १९४९ पासून विकायला काढले. आजच्या टायरवर २०५/५५ आर १६ असे लिहिलेले असते. त्यातले २०५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा पंचावन्न. आणि १६ म्हणजे रिंग, ती मात्र इंचांत! एका आकड्यात दोन पद्धतींची खिचडी, पण तीच जगभर रूढ झाली.

ही खिचडी मोडण्याचा एक घाट मिशेलिननेच घातला आणि आजची सर्वांत मोठी अडचण त्यातूनच निघाली. १९७५ च्या सुमारास कंपनीने टीआरएक्स नावाचा टायर काढला. 'वाटून दिलेला ताण' हा अर्थ त्या नावातच आहे. साध्या रिंगेचा कठडा उंच असल्यामुळे त्याच्याजवळ टायरची भिंत एकदम वळते आणि ताण तेथे साचतो. टीआरएक्सच्या रिंगेचा कठडा बसका व बाहेर कललेला केला. त्यामुळे भिंतीचा बाक सलग झाला आणि ताण सारखा पसरला. बसका टायर असूनही मोटार मऊ चालू लागली. कारागिरी म्हणून गोष्ट उत्तमच होती, यात शंका नाही. फोर्डची १९७९ ची मस्टँग, बीएमडब्ल्यूच्या कित्येक मोटारी, सिट्रोएनची सीएक्स, फेरारीची माँडियल आणि १९८४ ची टेस्टारोसा अशा नामांकित गाड्यांवर हे टायर चढले.

पण या रिंगेचा व्यास मिलिमीटरमध्ये ठेवला होता: ३६५, ३९०, ४१५. आता ३९० घ्या. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर आणि सोळा इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. ३९० या दोहोंच्या मधोमध अडकले. पंधराचा टायर तिच्यावर बसत नाही, सोळाचा ढिला पडतो. शिवाय कठड्याचा आकारच निराळा. म्हणजे ज्याने ही रिंग घेतली तो त्या टायरला जन्माचा बांधला गेला. कंपनीला यात तोटा दिसला नसेल, असे आम्ही म्हटले तर ते अगदीच वावगे ठरू नये. इतक्यात इटलीच्या पिरेलीने साध्या इंची रिंगेवरच पी-७ हा बसका टायर देऊन तशीच पकड साधली, आणि टीआरएक्सची गरजच उरली नाही. पुढे फेरारीनेही टेस्टारोसाला सोळा इंची रिंगा दिल्या. मिशेलिनने मात्र पॅक्स नावाने पुन्हा तोच खेळ मांडला. २००५ च्या बुगाटी वेरॉनला लागलेले ५०० व ५४० मिलिमीटरचे टायर त्याच कुळातले.

आता या गाड्यांच्या मालकांनी करावे काय? मिशेलिन जुन्या मोटारींसाठी टीआरएक्सची काही मापे अजून काढते. अमेरिकेतील चॅटनूगाचे कोकर, इंग्लंडमधील लाँगस्टोन असे जुन्या टायरांचे खास व्यापारीही आहेत. परंतु थोड्या मालासाठी साचा चढवायचा, तो भाजायचा, तपासायचा, तर किंमत साध्या टायरच्या कैक पट होणारच. दुसरा मार्ग रिंग बदलण्याचा. येथे थोडे गणित करावे. २२०/५५ च्या ३९० टायरची भिंत १२१ मिलिमीटर. दोन भिंती व रिंग मिळून व्यास ६३२. आणि २०५/५५ आर १६ या सर्वत्र मिळणाऱ्या टायरचा व्यासही ६३२! तेव्हा सोळा इंची रिंगा घातल्या तर वेगाचा काटा खोटे बोलत नाही. रिंगेची रुंदी आणि आत-बाहेर बसण्याचे अंतर मात्र जुळले पाहिजे, आणि टायरवरील वेगाचे अक्षर मूळच्याहून खालचे नको. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने हाच मार्ग धरावा, असे आमचे मत आहे. जुन्या रिंगा तेलाचा हात फिरवून घरात ठेवाव्यात. गाडी विकताना त्यांची किंमत येते.

तिसरा मार्ग घातकी आहे: हाताशी आहे तोच टायर जबरदस्तीने चढवणे. टायरच्या काठात पोलादी तारांचे कडे असते. माप चुकले तर ते कडे रिंगेवर चढत नाही. मग फिटर हवा वाढवीत जातो, आणि तार तुटली की टायर बॉम्बसारखा फुटतो. अमेरिकेत सोळा इंची टायर साडेसोळाच्या रिंगेवर चढवताना असेच अपघात झाले आहेत. फरक तेथे अवघ्या अर्ध्या इंचाचा होता. चाळीस पौंडांपर्यंत काठ बसला नाही तर हवा सोडून द्यावी, हा नियम आहे. मालक घाई करीत उभा असला तरी फिटरने तो मोडू नये, आणि मोडला नाही म्हणून त्याची मजुरी कापली जाऊ नये.

वयाचेही पाहावे. क्वचित चालणाऱ्या मोटारीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते. रबर मात्र उन्हाने, हवेने कडक होते. २००० पासून टायरवर चार अंकी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच अंक दिसले तर टायर गेल्या शतकातला समजावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी निवृत्ती, असा मिशेलिनचाच सल्ला आहे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात नट पॉल वॉकर ज्या पोर्शमध्ये मेला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. चौकशीत मुख्य दोष अतिवेगावर आला, तरी टायरच्या वयाची नोंद झालीच.

चारही टायर नवे घातले तरी डिकीतले पाचवे चाक बहुतेक जण विसरतात. ते मोटारीबरोबर कारखान्यातून आलेले असू शकते. त्याच्यावरचा आकडाही हात घालून वाचून घ्यावा.