तडा गेलेला ब्लॉक: आधी थांबा, मग वेल्डिंगचं बघू

गाडी चालवताना, नाहीतर रात्री मोटार चालू करून शेतात बसल्या बसल्या तुम्ही हा एपिसोड ऐकलात आणि 'ते टाक्याचं नीट कळलं नाही, लिहून टाका' असे मेसेज केलेत. म्हणून हा लिखित भाग. बोलताना दोन गोष्टी मी उलट्या क्रमाने सांगितल्या होत्या, त्या इथं सरळ केल्यात.

पालमला आमच्या घरी आजोबांची पेट्रोल जीप आहे. महिंद्राची, १९७० सालची. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्याच वंशातली ही. चार सिलिंडर, साधारण २२०० सीसी. या इंजिनाची एक खोड आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, पण जळका धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच. म्हणजे सगळ्यात तापलेला वायू ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडतो. ब्लॉकला आधीच ताण असतो, आणि त्यात आमच्यासारखे शहाणे भेटतात.

मे महिन्यातली दुपार. गंगाखेडहून पालमला येताना पाणी उकळून गेलं, बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी गाडी बाजूला घेतली, दहा मिनिटं थांबलो, झाकण उघडलं आणि जारचं थंडगार पाणी घळाघळा ओतलं. आतून 'टक्' असा आवाज आला. मला वाटलं, काहीतरी बसलं असेल जागेवर. बसलं नव्हतं, उललं होतं.

थंड देशांत ब्लॉक फुटायचं नेहमीचं कारण वेगळं. तिथं हिवाळ्यात आतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि भिंत फोडतं. आपल्याकडे परभणीत थंडी कितीही कडक पडली तरी इंजिनातलं पाणी काही गोठत नाही. आपला ब्लॉक उन्हाळ्यात फुटतो, आणि पुष्कळदा माणसाच्या हाताने फुटतो. तापून पसरलेल्या भिंतीवर गार पाणी पडलं की आतला थर झटकन आकसतो, बाहेरचा तसाच राहतो. ती ओढाताण धातूला सोसावी लागते.

आणि हा धातू ओढाताण सोसणारा नाही. आपले मिस्त्री त्याला बीड म्हणतात. जिल्हा नव्हे हो, ओतीव लोखंड. त्यात साधारण ३ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. त्या पापुद्र्यांमुळे बीड ओतायला सोपं, मशीनवर कापायला मऊ आणि दाबाला भक्कम असतं. पण ओढलं की प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच पडलेली बारीक चीर.

पुढे रोज सकाळी रेडिएटरचं पाणी कमी. एकाने सांगितलं हळद टाक, दुसऱ्याने सांगितलं पुट्टी लाव. हळदीने रेडिएटरचं बारीक भोक तात्पुरतं बुजत असेलही, पण तापून आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या ब्लॉकच्या तड्यापुढे ती काय करणार? मग जवळच्याच एका वेल्डरने साध्या रॉडने टाका मारून दिला. चार दिवसांत त्या टाक्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, नवा तडा.

असं का होतं ते सांगतो, कारण यात सगळेच फसतात. रॉड लावला तिथं बीड वितळतं, बाकीचा ब्लॉक गार असतो. तो गार भाग उष्णता इतक्या वेगाने ओढून घेतो की वेल्डिंगच्या कडेचं बीड काचेसारखं कडक होतं. थंड होताना टाका आकसतो आणि कडेला फाडतो. बीडाला वेल्डिंग चालतच नाही असं मात्र नाही. १९१७ मध्ये अमेरिकेच्या बंदरांत अडकलेल्या जहाजांची इंजिनं जर्मन खलाशांनी मुद्दाम फोडून ठेवली होती. अमेरिकनांनी ती बहुतेक विजेच्या वेल्डिंगने काही महिन्यांत उभी केली. पण निकेलचा रॉड, इंचभराचा टाका, लगेच हलके ठोके, मग थांबणं, आणि शेवटी राखेत किंवा चुन्यात झाकून सावकाश गार करणं, एवढा धीर पाहिजे.

मामा म्हणाले, "कशाला डोकं लावायलास? डिझेल इंजिन बसव अन् मोकळा हो." अशा डिझेल केलेल्या जीपा आपल्याकडे कितीतरी आहेत. पण इंजिनाचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, आणि तोच आरसी बुकात असतो. शिवाय २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी हवी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मला ती नोंदणी करायची आहे. ब्लॉक गेला की ते सगळं गेलं.

शेवटी ब्लॉक उतरवून नांदेडला एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेला. त्यांनी पहिला टाका बघून मान हलवली. "लोखंड नाही हे बाळा, बीड हाय. तापवलं की चिडतंय. आपण गारच शिवू."

आधी तडा संपतो कुठं ते शोधलं. डोळ्याला दिसतो त्यापेक्षा तो लांब असतो. चाचांनी रॉकेल फासलं, कोरडं पुसलं आणि वरून खडू चोळला. थोड्या वेळात पांढऱ्यावर ओली रेघ उमटली, मला दिसत होती त्यापेक्षा दीड इंच पुढपर्यंत. दोन्ही टोकांना एकेक भोक पाडलं. टोकाशी सगळा ताण एका बिंदूवर येतो. गोल भोकात तो वाटला जातो आणि तडा पुढे सरकत नाही.

मग शिवण. तड्यावर भोक पाडायचं, आत आटे पाडायचे, धातूची पिन घट्ट पिळायची, वरून कापायची. पुढचं भोक आधीच्या पिनचा थोडा भाग खाऊन पाडायचं, म्हणजे पिना एकमेकींत गुंततात आणि मधे फट उरत नाही. पण नुसत्या पिना पाणी अडवतात, ताण धरत नाहीत. त्यासाठी तड्याला आडवी भोकांची रांग पाडून त्यात डमरूच्या आकाराच्या धातूच्या पट्ट्या ठोकून बसवतात. गोधडीच्या आडव्या टाक्यांसारखं. जुन्या वेल्डिंगशेजारी ड्रिल चालेना. कडक झालेल्या त्या पट्टीत दोन बिट मोडले. ते माझ्या घाईचं बिल.

आमचा तडा पाण्याच्या बाहेरच्या भिंतीला होता, म्हणून जमलं. व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत गेलेला असता तर सीट बदला, स्लीव्ह घाला, असं काम वाढलं असतं. क्रँकच्या बेअरिंगच्या आधाराला तडा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नाद सोडा. आणि तुमच्या इंजिनाचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी आत झिरपतंय. गॅसकिट असू शकतं, तडाही असू शकतो. गाडी तिथंच बंद करा.

बसवण्याआधी ब्लॉकची सगळी तोंडं पत्रे आणि रबर लावून बंद केली, ३० पौंड हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. एका पिनशेजारी एकच बुडबुडा आला. चाचांनी ती काढून परत शिवली.

जीप आता गंगाखेडला जाऊन येते. रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी कूलंट आहे. त्याने गंज कमी धरतो आणि उकळणंही लांबतं. तरी तापलीच, तर इंजिन बंद करून सावलीत बसायचं, झाकणाला हात लावता येईपर्यंत. ओतायचं ते इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं. त्या शिवणीवर मी अजून रंग मारलेला नाही. उद्या तिथून ओल आली तर दिसली पाहिजे.